पादत्राणप्रवेश : दुखऱ्या पायांच्या नवशिक्यांसाठी

या अभ्यासक्रमाला किमान पात्रता एकच. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना तोंडातून ‘आई गं’ निघालं पाहिजे. दोन्ही पाय दुखत असतील तर प्रवेशात प्राधान्य. ज्यांचे पाय दुखत नाहीत त्यांनी पान उलटावं. त्यांना कुठलीही चप्पल होते, आणि या विषयातला सगळ्यात घातक सल्ला त्यांच्याकडूनच येतो. ‘मी तर बाबा साध्या स्लीपरवर गिरनार चढलो’ असं सांगणारे एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

आपल्याकडे चप्पल कुणी एकट्याने घेत नाही. साडीचा काठ काय म्हणतो, लग्न किती तारखेला आहे, सेल कधी संपतोय, लेकीला ती काकूबाई वाटते का, नवऱ्याच्या मते तेवढ्यात दोन जोड आले असते का, अशी सगळ्यांची मतं घेऊन ठराव पास होतो. ज्याला ती घालून बसथांब्यापर्यंत जायचंय त्या पायाला मात्र मतदानाचा हक्क नसतो. तो मिळवून देण्यापुरतीच ही प्रवेशिका आहे.

धडा पहिला : दुखतंय नक्की कुठे

‘पाय दुखतात’ एवढंच सांगता येत असेल तर अजून दुकानात जाऊ नये. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. त्यातलं कोण कुरकुरतंय हे आधी ठरवावं लागतं.

टाचवाल्यांचा वर्ग सगळ्यात मोठा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, त्याला डॉक्टर प्लांटार फॅशिया म्हणतात. रात्रभर पाऊल सैल पडून राहतं आणि पट्टा आखडतो. सकाळी बाथरूमकडे निघालं की तो एकदम ताणला जातो आणि कळ थेट मस्तकात जाते. घरात थोडं फिरलं की कळ ओसरते, म्हणून माणूस दिवसभर विसरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘आई गं’. एक्स-रे काढला की टाचेला काटा दिसतो आणि घरात जाहीर होतं, ‘हाड वाढलंय’. असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांनाही असतो, त्यांनी एक्स-रे काढलेला नसतो एवढंच. शेजारच्या काकू गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगतील. शेकाने बरं वाटतं, यात वाद नाही. (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, ते महागात पडेल.) पण शेकून झाल्यावर पाय पुन्हा त्याच झिजून पापुद्रा झालेल्या स्लीपरमध्ये जाणार असेल तर वीट उगाच तापवली. पोटरीला रोज नेमाने ताण देणं आणि पायात बरं काहीतरी घालणं एवढ्यावर बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात जातं. शस्त्रक्रियेपर्यंत फार थोडे पोचतात.

दुसरा वर्ग फताड्या पायांचा. त्याची परीक्षा बिनखर्चाची आहे: पाय ओला करून शहाबादी फरशीवर उभं राहावं आणि बाजूला व्हावं. पावलाच्या आतल्या बाजूला कोरडी कमान उमटली तर ठीक. पाऊल सगळंच्या सगळं उमटलं तर तळवा सपाट. यात घाबरण्यासारखं काही नाही. सपाट पाय दुखत नसतील तर त्यांना काहीही करावं लागत नाही, फक्त सैन्यभरतीत त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहतात. दुखत असतील तर कमानीखाली आधार हवा.

तिसरा वर्ग अंगठ्याच्या बाजूचं हाड बाहेर आलेल्यांचा. यात बायका जास्त. टोकदार बुटांनी हे दुखणं वाढतं, आणि टोकदार बूट ही फॅशन ज्याने काढली त्याला पाच बोटं होती की नाही अशी शंका येते. पायाला होणाऱ्या भोवऱ्याही बऱ्याचदा याच घराण्यातल्या: जिथे बूट सतत घासतो किंवा दाबतो तिथे कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते. औषधाच्या दुकानात मिळणारी भोवरीची पट्टी कातडी खाणाऱ्या आम्लाची असते. ती भोवरी काढते, पण चप्पल तीच राहिली तर भोवरी दर मोसमात परत येते. मधुमेह असणाऱ्यांनी तर या पट्टीच्या वाटेलाच जाऊ नये.

चिखल्या, टाचांच्या भेगा, चवड्याची आग हे ऐच्छिक विषय. ज्यांचे आहेत त्यांना ते माहीत आहेत.

धडा दुसरा : नंबर

‘माझा नंबर सहा’ हे वाक्य बायका जन्मतारखेच्या ठामपणाने सांगतात. हा नंबर कुणी काढला होता? लग्नाच्या वेळी, लग्नाच्या चपला घेताना. त्यानंतर बाळंतपणं झाली, वजन वाढलं, पन्नाशी आली. वयाबरोबर पायाचे बंध सैलावतात आणि पाऊल लांब-रुंद होतं. ब्लाउज दर दोन वर्षांनी उसवून सैल करणाऱ्या घरातसुद्धा पायाचं माप मात्र लग्नातलंच चालू राहतं.

मुळात हा नंबर आपला नाहीच. इंग्रजांनी त्यांचं माप इथे आणलं, ते गेले, माप राहिलं. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपातल्या मापात हाच फरक साडेसहा मिलिमीटरच्या जरा वर. म्हणून एकाच बुटाच्या जिभेवर 7, 8 आणि 41 असे तीन आकडे सुखाने नांदतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021 च्या डिसेंबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. त्यातून निघालं ते आपल्या आज्यांना ठाऊकच होतं: भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद आहे. अरुंद साच्यावर बेतलेल्या बुटात पाय जात नाही, मग माणूस एक नंबर मोठा घेतो. आता रुंदीला जेमतेम बसतो, लांबीला पुढे मोकळा राहतो, आणि प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते. संस्थेने नव्या भारतीय मापाला ‘भा’ असं नाव सुचवलं आहे. ते दुकानात येईपर्यंत आपल्याला कागद-पेन्सिल पुरेल.

कृती अशी. संध्याकाळी, दिवसभर फिरून पाय सुजून आल्यावर, जमिनीवर कोरा कागद ठेवून त्यावर उभं राहावं. बसून नव्हे, उभं. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि बूट उभ्या माणसानेच घालायचा असतो. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून बाह्यरेषा काढून घ्यावी. स्वतः वाकून काढली तर वजन पुढे जातं आणि रेषा भलतीकडे. दोन्ही पायांची काढावी, कारण दोन्ही पाय सारखे नसतात. माप मोठ्या पायाचं धरायचं. आणि लांबी मोजताना अंगठाच पाहायचा असं नाही: पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं. ज्या बाईचं असं बोट असतं ती नवऱ्याला धाकात ठेवते असं जुन्या बायका सांगायच्या. ते खरं-खोटं नवऱ्याने सांगावं, पण बुटात आधी आपटतं ते हे बोट, आणि नख काळं होतं तेही त्याचंच.

आता ही रेषा कात्रीने कापून घ्या आणि घरातल्या सगळ्यात आवडत्या बुटाच्या तळावर ठेवून पाहा. कागद दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतोय? मग करंगळीची भोवरी कुठून आली हे वेगळं समजावायला नको. हा कागदी पाय पर्समध्ये घालून दुकानात न्यावा. जोडवी घालत असाल तर ती घालूनच माप काढा. बंद बुटात जोडव्याचा कंगोरा शेजारच्या बोटाला घासतो, हे बूट बनवणाऱ्या परदेशी माणसाच्या स्वप्नातही येत नाही.

धडा तिसरा : दुकान

दुकानात शिरताच मालक तुमच्या तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहतो. त्यावर रागावू नये. या सबंध बाजारात निदान तेवढा तरी पायाचा मान राखला जातो. पण तो पाहतो तुम्ही आत्ता घातलेली चप्पल कितीची आहे ते.

तुम्ही म्हणता, ‘मऊ काहीतरी दाखवा.’ मालक वर तोंड करून ओरडतो, ‘अरे, सात नंबर लेडीज ऑर्थो टाक!’ छतातल्या चौकोनी भोकातून एक हात बाहेर येतो आणि खोका खाली पडतो. मालक तो न बघता झेलतो. हा हात कुणाचा, तो माणूस तिथून कधी खाली उतरतो का, हे प्रश्न नवशिक्यांनी विचारू नयेत. ‘सात नाहीये शेठ, आठ टाकू?’ असा वरून आवाज आला की सावध व्हावं. आठ येईल, आणि त्यासोबत ‘आतून एक सोल टाकून देतो ना काकू, फिट्ट बसेल’ हेही येईल.

इथे तीन वाक्यांचा अर्थ पाठ करावा. ‘दोन दिवस चावेल, मग सैल होईल’ याचा अर्थ, दोन दिवसांनी तुम्ही दुकानात नसाल. ‘चामडं आहे, पसरेल’ हे अर्धसत्य आहे: खरं चामडं रुंदीला थोडं पसरतं, लांबीला नाही, आणि तुमच्या हातातलं बहुतेक वेळा रेक्झिन असतं, जे कुठेच पसरत नाही. ‘हे डॉक्टरच वापरतात’ यावर कुठले डॉक्टर असं विचारावं. ऑर्थो, डॉक्टर, हेल्थ, सॉफ्ट हे शब्द बाजारात सुटे मिळतात आणि वाटेल त्या पट्ट्यावर छापता येतात. टोचऱ्या गाठींच्या ‘ॲक्युप्रेशर’ चपलांबद्दल काही न बोललेलंच बरं. पाय दुखायला लागला की दुखण्याकडचं लक्ष उडतं, एवढा गुण त्यांच्यात निश्चित आहे.

खरी चाचणी हाताने करायची. चप्पल किंवा बूट घ्या, पुढचं टोक वर वाकवा. जिथे बोटं वाकतात तिथे, म्हणजे चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. तो कमानीला काय आधार देणार! मग दोन्ही टोकं धरून पिळा. थोडा विरोध झाला पाहिजे. बूट असेल तर टाचेमागची भिंत चिमटीत दाबा. आत सहज चेपली गेली तर टाच त्यात डुलणार. आतला सोल निघत असेल तर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभं राहा: बोटं कडेबाहेर जात असतील तर बाकी कितीही आवडला तरी नाही. शेवटी घालून, अंगठ्याच्या (किंवा त्या धाकवाल्या बोटाच्या) पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, ते पाहा.

मऊपणाबद्दल एक वेगळा इशारा द्यावा लागतो, कारण दुखऱ्या पायाची माणसं इथेच फसतात. दुकानातल्या गालिच्यावर बोट दाबून ‘अगं किती मऊ!’ असं म्हणायला लावणारी चप्पल महिन्याभरात टाचेखाली बसते आणि तिथे खड्डा पडतो. वरचा थर मऊ आणि खालचा टणक हवा. टाच बोटांपेक्षा किंचित उंच असेल तर टाचदुखीला बरं वाटतं. अगदी सपाट आणि फार उंच, दोन्ही वाईट. आणि आरसा. दुकानातला आरसा घोट्यापर्यंतच असतो, म्हणून त्यात सगळ्याच चपला सुंदर दिसतात. त्या वेळी चेहऱ्यावर काय भाव होता हे तो दाखवत नाही. ती चूक भरून काढायला सोबत न लाजता बोलणारं माणूस न्यावं. बहीण चालेल. नवरा नको, तो बाहेर पार्किंगमध्ये आहे.

जोड-धडा : कोल्हापुरी

इथे भावनेचा प्रश्न आहे, म्हणून जपून लिहितो. कोल्हापुरी हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची असते, हाताने शिवलेली असते. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल झळकली, तेव्हा कधीही कोल्हापुरी न घातलेल्या मराठी माणसालाही ती आपल्या आजोबांची असल्याचं आठवलं. सगळं खरं. पण तळ सपाट, कमानीला आधार शून्य, आणि नवी असताना अंगठ्याचा पट्टा पायाची परीक्षा घेतो. एरंडेल पाजून, रोज थोडा वेळ घालून ती मऊ करावी लागते आणि एकदा का पायाच्या आकाराची झाली की सोडवत नाही. ज्यांची टाच दुखते त्यांनी ती लग्नात मांडवापुरती घालावी. करकर वाजणारी हवी असेल तर हरकत नाही. पाय लंगडत असेल तर निदान ताल तरी राहील.

धडा चौथा : इथे हसायचं नाही

मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर वरचा निम्मा अभ्यासक्रम उलटा वाचावा. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न तुमच्या पायाला विचारून उपयोग नाही. तो उत्तर द्यायचा थांबलाय. खडा रुतला तरी कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, दुपारच्या उन्हात देवळाच्या फरशीने तळवा भाजला तरी घरी येऊन मोजा काढल्यावरच कळतं. डॉक्टर तळव्याला एक बारीक नायलॉनचा धागा टेकवून ‘लागतंय का?’ विचारतात. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा वर्षातून एकदा तरी टेकवून घ्यावा.

या पायासाठी अंगठ्याची चप्पल नको, कारण अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात ती घासते. मागे पट्टा हवा, चप्पल निसटू नये म्हणून. तळाला खिळे नकोत; शिवण किंवा चिकटवण हवी. वरचा थर एमसीआर नावाच्या मऊ रबराचा आणि खाली कडक सोल, ही जोडी आपल्या देशात कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी पूर्वापार वापरात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी याच पायांवर आयुष्याची वर्षं घातली. हे पाय कुष्ठरोगाने झडत नसून, वेदना नसल्यामुळे झालेल्या जखमांनी जातात, हे त्यांच्या कामातून लोकांना कळलं. सरकारी रुग्णालयांतल्या एमसीआर चपला दिसायला ओबडधोबड असतात आणि त्यांकडे पाहून लोक ओळखतात, म्हणून पुष्कळजण घालत नाहीत. आता बऱ्या दिसणाऱ्याही मिळतात. घालण्याआधी रोज चपलेत हात फिरवावा. संध्याकाळी तळवे पाहावेत; वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. जखम दिसली तर हळद लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

धडा पाचवा : कोपऱ्यावरचे तज्ज्ञ

बसथांब्याजवळ निळ्या पत्र्याच्या टपरीत बसलेले गटईवाले काका हे या विषयातले सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत जाणते सल्लागार. त्यांच्याकडे नवी चप्पल नेऊ नये, जुनी न्यावी. ते ती उलटी करतात, अंगठ्याने टाचेची कड चाचपतात आणि तुमच्याकडे वर न पाहता सांगतात, ‘डावा पाय आत टाकता तुम्ही.’ टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं हे सर्वसाधारण; आतली कड झिजून तिरकी झाली असेल तर पाऊल आत कलतंय. तुमचा गुडघा का दुखतो, तेही त्यातून समजू शकतं. चप्पल सांगते ते त्यांना वाचता येतं.

काम काय करून घ्यावं? सैल पट्टा आखडून, आवळ पट्ट्याला भोक वाढवून, मागे नवा पट्टा लावून, टाचेखाली रबराची चकती देऊन. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली उंचीही ते सोलमध्ये चढवून देतात. ‘किती द्यायचे?’ विचारलं की म्हणतात, ‘द्या काय द्यायचं ते.’ या उत्तराचा गैरफायदा घेऊ नये. अशी दुरुस्त केलेली चप्पल देवळाबाहेर निर्धास्त ठेवता येते, कारण चोराने घातली तर पहिल्या पावलाला तो एका बाजूला कलेल. शनिवारी चप्पल चोरीला गेली की साडेसाती गेली असं मानणाऱ्यांनी मात्र जुन्याच घालून जावं.

धडा सहावा : घरात चप्पल (अवघड)

हा धडा तडीस नेलेले फार थोडे. आपल्या आज्या घरभर अनवाणी वावरायच्या, म्हणून आपणही वावरावं असा युक्तिवाद होतो. आज्यांच्या पायाखाली सारवलेली जमीन होती. आपल्या पायाखाली काँक्रीटवर चिकटवलेली चकचकीत फरशी आहे, जी पाऊल पडताना काडीचीही दबत नाही. ‘वारकरी नाही का अनवाणी चालत?’ हा पुढचा युक्तिवाद. काही चालतात, बहुतेक जण चपला-बूट घालून चालतात, आणि आळंदी ते पंढरपूर या अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर त्यांच्या तुटक्या चपला फुकट शिवून देणारे सेवेकरी बसतात ते काही उगाच नाही.

तरी घरात चप्पल म्हटलं की सासूबाई देवघराकडे पाहतात. त्यांच्याशी शास्त्र बोलू नये. घरातली चप्पल बाहेरच्या चपलेपेक्षा ठळक वेगळ्या रंगाची घ्यावी आणि आणतानाच सर्वांसमक्ष जाहीर करावं की हिने उंबरा कधी ओलांडलेला नाही आणि ओलांडणारही नाही. देवघरापाशी उतरवावी. हा तह दोन्ही बाजूंना मान्य होतो, फक्त स्वयंपाकघराचा मुद्दा अडतो. दिवसातलं सर्वांत जास्त उभं राहणं ओट्यापाशी होतं आणि नेमकी तिथेच चपलेला बंदी. यावर तोड म्हणजे ओट्याखाली न घसरणारा, बोटभर जाडीचा रबरी गालिचा. पायपुसणं नको, ते ओल्या फरशीवर निसटतं आणि मग टाच सोडून माकडहाड दुखतं. त्यावर उभं राहून पोळ्या लाटल्या तर तुमच्या टाचेला पहिल्यांदाच कळेल की स्वयंपाक ही एक कला आहे.

घरातली स्लीपर बाथरूमची हवाई चप्पल नव्हे. हवाईत अंगठा आणि बोट सतत पट्टा पकडून धरतात, पायाला सुट्टी मिळत नाही. तिचा तळ झिजून गुळगुळीत झाला की पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर तिचं आणि आपलं एकदमच निघतं. दर पावसाळ्याआधी तळ पाहावा. भोकाभोकांची फोमची क्लॉग घरात चालतात. देखणी आहेत असं म्हणून कुणी घेत नाही, तेवढाच प्रामाणिक सौदा.

धडा सातवा : ठेवणीतले

आपली सर्वांत मोठी चूक इथे होते. महागाचे, डॉक्टरांनी सुचवलेले, पायाला सुखाचे बूट घरी येतात आणि ‘चांगले आहेत’ म्हणून खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात. लग्नकार्याला काढू, परगावी जाताना घालू. रोज मात्र जुनीच. दोन-तीन वर्षांनी भाचीच्या लग्नात ते बाहेर निघतात. पाहुण्यांच्या रांगेत ‘या, या’ करताना टाचेखाली काहीतरी सैल वाटतं. अक्षता पडेपर्यंत एक सोल अर्धा सुटलेला असतो आणि पंगतीत बसताना मागे हॉलभर शिळ्या ढोकळ्यासारखे काळे तुकडे सांडलेले दिसतात. कंपनीला शिव्या घालू नका. हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून विरतो, घातला नाही तरी विरतो. आणि बंद खोक्यात, कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत तर हमखास. थोडक्यात, न वापरलेला बूट टिकत नाही. तो रोज घाला. ज्याला काटकसर म्हणतात ती इथे तोट्यात जाते, हे घरातल्या ज्येष्ठांना तुकडे दाखवूनच पटवावं लागतं. लग्नाला हवं तर जुने बूट पॉलिश करून घाला, वरांच्या बुटांवर करवल्यांची नजर असते, तुमच्या नाही.

प्रात्यक्षिक

नवी जोडी घरी आणल्यावर लगेच रस्त्यावर घालून जाऊ नका. तळ मळला की दुकानदार बदलून देत नाही. आधी काही संध्याकाळी घरातच, पावती आणि खोका जपून ठेवून, अर्धा-अर्धा तास चालून पाहा. रोज जे मोजे घालता तेच मोजे घाला. टाचेमागे लाल ठिपका उठतोय का, करंगळी दबतेय का, हे काढल्या-काढल्या पाहा. पंधरा मिनिटांत न गेलेला लाल डाग म्हणजे बूट परत.

पण हे बाहेरचे बूट, आणि घरात! सहाव्या धड्यातला तह इथे मोडतो. सासूबाई देवघरातून उठून बाहेर येण्याआधी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून घ्या. रविवारची पुरवणी धरून सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत पाच जोड पानं पुरतात. वळताना पाय पानाबाहेर पडू देऊ नका. कुणी विचारलंच तर सांगा, पेपर वाचतेय.